आर्केडिया: सात चौकोनांतलं गाव आणि माझी एक चूक

मागच्या वर्षीची गोष्ट. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा मी मॅडमकडे दिला होता. विषय होता पाश्चात्त्य साहित्यातलं गोपकाव्य, म्हणजे ज्याला ‘पॅस्टोरल’ म्हणतात ते. पंधरा दिवसांनी मसुदा परत आला. पहिल्या तीन पानांवर फारसं काही नव्हतं, शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या तेवढ्या. चौथ्या पानावर माझं एक वाक्य होतं: ‘व्हर्जिलने आर्केडिया ही निष्पाप सुखाची भूमी निर्माण केली आणि पुढची अनेक शतकं युरोपने तिचंच स्वप्न पाहिलं.’ वाक्य मला फार आवडलं होतं. मॅडमनी त्याखाली पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं: ‘कुठल्या कवितेत? ओळ दाखव.’

मला ओळ दाखवता आली नाही.

मग प्रश्न पडला की हे वाक्य माझ्या डोक्यात आलं कुठून? व्हर्जिल मी वाचला होता, भाषांतरात का होईना, पण दहाही कविता वाचल्या होत्या. तरीही हे वाक्य व्हर्जिलमधून आलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर ते शब्दकोड्यातून आलं होतं. कॉलेजात असल्यापासून मला इंग्रजी पेपरातली कोडी सोडवायची सवय आहे. तिथे ‘ग्रामीण स्वर्ग, सात अक्षरं’ असं काही आलं की हात आपोआप ‘आर्केडिया’ लिहितो. हे इतक्या वेळा झालं होतं की ते मला ज्ञान वाटायला लागलं होतं.

हा लेख त्या एका नावाबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेट-सेटच्या तयारीत असतील, काहींचा सिनॉप्सिस चालू असेल. तुमचा विषय ग्रीक-रोमन साहित्य नसेलही. पण प्रत्येकाच्या विषयात असा एक ‘आर्केडिया’ असतोच, म्हणजे असा शब्द जो आपण सगळे वापरतो, ज्याचा अर्थ सगळ्यांना ‘माहीत’ असतो आणि म्हणून कुणी तपासत नाही.

कोड्याला काय हवं असतं

आधी कोड्याची बाजू नीट मांडू, कारण त्याला उगाच दोष देण्यात अर्थ नाही. साध्या कोड्यात शब्दाचा एकच अर्थ लागतो, तोही चार-पाच शब्दांत मावणारा. म्हणून ‘रम्य ठिकाण’, ‘मेंढपाळांचं सुखी गाव’, ‘ग्रीसमधला प्रांत’ असे दोन-तीन संकेत आलटून पालटून येत राहतात. गूढ कोड्यात, ज्याला ‘क्रिप्टिक’ म्हणतात त्यात, शब्दाची सरळ चिरफाडच होते. कमान म्हणजे ‘आर्क’, मग ‘ए’, मग डायना राजकुमारीचं लाडकं नाव ‘डाय’ (लिहिताना डी-आय), शेवटी पुन्हा ‘ए’. जोडा, झाला आर्केडिया. इथे डोंगर नाही, मेंढ्या नाहीत, व्हर्जिल तर नाहीच. उरतात ती फक्त अक्षरं.

गंमत म्हणजे या चिरफाडीतून एक खोटी व्युत्पत्तीही डोक्यात घुसते. ‘आर्केड’ आणि ‘आर्केडिया’ एकाच घरातले वाटतात. आपल्याकडे दुकानांच्या संकुलांना आणि सोसायट्यांना ही दोन्ही नावं सर्रास दिलेली असतात, त्यामुळे तर आणखीच. पण ‘आर्केड’ येतो लॅटिनमधल्या कमानीच्या शब्दावरून. ‘आर्केडिया’ हे ग्रीक प्रदेशाचं नाव. पुराणकथा ते झ्यूस आणि कॅलिस्टो यांचा मुलगा आर्कस याच्या नावाशी जोडते. कॅलिस्टोची अस्वल झाली अशी कथा आहे, आणि ग्रीकमध्ये अस्वलाला ‘आर्क्टोस’ म्हणतात. ‘आर्क्टिक’ हा शब्द या आर्क्टोसवरूनच आला, आकाशातल्या अस्वलाच्या तारकासमूहामुळे. म्हणजे दुकानांच्या कमानींपेक्षा उत्तर ध्रुव या नावाला जास्त जवळचा!

मराठी कोड्यात हाच शब्द चार चौकोनांत बसेल: आ-र्के-डि-या. पण आपल्या कोड्यांत तो येत नाही. आपल्याकडे त्या जागी ‘गोकुळ’ येतं, तीन चौकोनांत. ‘नंदाचं गाव’ हा एक संकेत, ‘मुलाबाळांनी भरलेलं घर’ हा दुसरा. गोकुळाकडे मी शेवटी परत येणार आहे.

नकाशावरचा आर्केडिया

आर्केडिया हा खरोखरचा प्रदेश आहे. दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या मधोमध, डोंगराळ, थंडीत बर्फ पडणारा. आजही ग्रीसमध्ये याच नावाचा प्रशासकीय विभाग आहे आणि त्रिपोली हे त्याचं मुख्य शहर. प्राचीन ग्रीकांना हा प्रदेश सुंदर वगैरे वाटत नव्हता. मागासलेला, जुनाट, राकट लोकांचा मुलूख अशीच त्याची ओळख. हिरोडोटसच्या इतिहासात डेल्फीची देववाणी स्पार्टाच्या लोकांना बजावते की आर्केडियात ओकची फळं खाऊन जगणारी माणसं पुष्कळ आहेत, ती तुम्हाला अडवतील. आणि ती अडवतातही. इथल्याच लायकाऑन राजाची कथा आहे. त्याने झ्यूसपुढे नरमांस ठेवलं आणि शिक्षा म्हणून तो लांडगा झाला. पॅन हा शेळीच्या पायांचा देव इथलाच, आणि त्याच्यामुळे मेंढपाळ आणि बासरी या गोष्टी प्रदेशाच्या नावाला चिकटल्या.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार पॉलिबियस. हा मोठा इतिहासकार स्वतः आर्केडियातल्या मेगालोपोलिसचा, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला. आपल्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तो सांगतो की आर्केडियन लोक लहानपणापासून संगीत शिकतात. का शिकतात? जमीन रम्य आहे म्हणून नाही. हवामान थंड आणि उदास आहे, जगणं कष्टाचं आहे, त्यामुळे स्वभाव कठोर होतात, आणि तो कठोरपणा मऊ करायला पूर्वजांनी संगीत सक्तीचं केलं. किनेथा या गावाने संगीत सोडलं आणि ते लोक रानटी झाले, असंही तो बजावतो.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत जरा सावरून बसलो. गाणं आहे, पण ते सुखातून आलेलं नाही. पॉलिबियसच्या आर्केडियात गाणं हा उपचार आहे. कोड्यातल्या उत्तरात गाणं शिल्लक राहिलं आणि ज्या दुखण्यावर ते होतं ते दुखणं मात्र गळून गेलं.

व्हर्जिलकडे परत

आता मॅडमचा प्रश्न: कुठल्या कवितेत?

व्हर्जिलच्या ‘एक्लॉग्ज’ या दहा कविता, इ.स.पूर्व ४०च्या आसपासच्या. त्याच्याआधी थिऑक्रिटसने ग्रीकमध्ये मेंढपाळांच्या कविता लिहिल्या, त्या प्रामुख्याने सिसिलीत घडतात. व्हर्जिलने पेन्सिल घेऊन प्रत्येक कवितेत आर्केडिया शोधा, असं मी स्वतःला सांगितलं आणि तसं केलं. निकाल असा: नाव येतं, पण मोजक्याच कवितांत. सातव्या कवितेत गाण्याच्या स्पर्धेतले दोन मेंढपाळ ‘आर्केडियन’ आहेत, पण ते बसलेत मिंचियस नदीच्या काठी, म्हणजे उत्तर इटलीत, व्हर्जिलच्या स्वतःच्या मुलखात. दुसऱ्या कवितेतल्या मेंढपाळाच्या मेंढ्या सिसिलीच्या डोंगरांत चरतात. आर्केडिया ठळकपणे येतो तो दहाव्या कवितेत. तिथे गॅलस हा कवी प्रेमभंगाने मरणासन्न आहे आणि आपण आर्केडियन लोकांपैकी एक असतो तर किती बरं झालं असतं, असं म्हणतो. म्हणजे जिथे आर्केडिया खऱ्या अर्थाने येतो, तिथे तो बोलणाऱ्याच्या हातातून निसटलेला आहे.

मग ‘व्हर्जिलने आर्केडिया निर्माण केला’ हे माझं वाक्य एकट्याचं होतं का? नाही. त्याला चांगला मोठा आधार आहे. ब्रुनो स्नेल या जर्मन अभ्यासकाने १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने आर्केडियाला ‘मनाचा भूप्रदेश’ ठरवलं आणि त्याच्या शोधाचं श्रेय व्हर्जिलला दिलं, अगदी इ.स.पूर्व ४२ किंवा ४१ असं साल घालून. निबंध सुंदर आहे, आणि तो इतका वाचला गेला की पुढे पाठ्यपुस्तकांतून, प्रस्तावनांतून ते मत तथ्य म्हणून फिरायला लागलं. १९८९ मध्ये रिचर्ड जेंकिन्स याने ‘व्हर्जिल अँड आर्केडिया’ या लेखात याला सरळ हरकत घेतली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मूळ कविता पाहा, तिथे असा आर्केडिया नाही. तो आपण नंतरच्या काळाकडून, विशेषतः सानाझारोकडून घेतो आणि मागे व्हर्जिलवर चढवतो.

याकोपो सानाझारो हा नेपल्सचा कवी. त्याची ‘आर्केडिया’ १५०४ ची, गद्य आणि पद्य एकमेकांत गुंफलेली. पुस्तक प्रामुख्याने त्याच प्रदेशात घडतं. आपल्याला ओळखीचा वाटतो तो आर्केडिया, म्हणजे सावली, झरे, विरहाची गाणी आणि हलकी उदासी, तो खऱ्या अर्थाने इथे एका जागी सापडतो. मग त्याच शतकात इंग्लंडमध्ये फिलिप सिडनीने याच नावाचा मोठा रोमान्स लिहिला, जो त्याच्या मृत्यूनंतर १५९० मध्ये छापला गेला. १६९० मध्ये रोममध्ये ‘आर्केडिया’ नावाची साहित्य अकादमीच निघाली, जिचे सभासद स्वतःला मेंढपाळांची नावं घेत.

जेंकिन्सचं म्हणणं शंभर टक्के मान्य करायचं का, हा वेगळा वाद. माझं मत विचाराल तर दहावी कविता तो जरा हलकी करतो. गॅलसच्या तोंडी आर्केडिया ही केवळ जागा राहत नाही, ती एक इच्छा होते, आणि सानाझारोला धागा मिळाला तो इथूनच. पण हे मत मी आता कवितेकडे बोट दाखवून मांडू शकतो. आधीचं वाक्य मी फक्त ऐकून लिहिलं होतं. फरक एवढाच आहे आणि माझ्या मते संशोधनाची सुरुवात त्या फरकापासून होते.

चार शब्दांचं व्याकरण

आता ज्या निबंधामुळे हा विषय मला खरा उलगडला त्याकडे वळतो. एर्विन पानोफ्स्की हा कलेतिहासकार. ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये हॅम्बुर्ग विद्यापीठातून त्याला काढलं गेलं आणि तो अमेरिकेत गेला. १९३६ मध्ये, एर्न्स्ट कासिरर या दुसऱ्या निर्वासित तत्त्वज्ञाच्या गौरवग्रंथात, त्याचा ‘एत इन आर्काडिया एगो’ या वाक्यावरचा निबंध आला. पुढे १९५५ मध्ये त्याने तो सुधारून पुन्हा छापला.

हे लॅटिन वाक्य कुठल्याही प्राचीन ग्रंथात नाही. ते पहिल्यांदा दिसतं ग्वेर्चिनो या इटालियन चित्रकाराच्या चित्रात, १६२०च्या आसपास. दोन मेंढपाळ अचानक एका दगडी चौथऱ्यापाशी येतात. चौथऱ्यावर मानवी कवटी, तिच्यावर माशी, शेजारी उंदीर, आणि खाली ही अक्षरं. नंतर निकोला पूसँने याच विषयावर दोनदा चित्र काढलं. पहिलं आज इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थला आहे, त्यात कवटी लहान झाली आहे. दुसरं, १६३०च्या दशकाच्या अखेरचं, पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. त्यात कवटी पूर्ण गेली. तीन मेंढपाळ आणि एक स्त्री शांतपणे थडग्याभोवती उभे आहेत, त्यातला एक गुडघ्यावर बसून बोटाने अक्षरं वाचतो आहे.

वाक्याचा अर्थ काय? सवयीचा अर्थ असा: ‘मीही आर्केडियात होतो’, म्हणजे कधीकाळी मीही ते सुख भोगलं. गटेने आपल्या इटलीच्या प्रवासवर्णनाला याच अर्थाचं बोधवाक्य लावलं होतं. पानोफ्स्की म्हणतो, व्याकरण हे चालवून घेत नाही. ‘एत’ म्हणजे ‘सुद्धा’, आणि लॅटिनमध्ये तो पुढच्या शब्दाला लागतो. म्हणजे ‘मीसुद्धा’ नाही, ‘आर्केडियातसुद्धा’. शिवाय क्रियापद गाळलं आहे, ते वर्तमानकाळी ‘आहे’ असंच धरावं लागतं, ‘होतो’ नाही. तेव्हा अर्थ: ‘आर्केडियातसुद्धा मी आहे.’ बोलणारा कोण? मृत्यू. ग्वेर्चिनोच्या कवटीकडे पाहिलं की हे लगेच पटतं.

मराठीत हा फरक आपल्याला सहज कळतो, कारण आपला ‘ही’ किंवा ‘सुद्धा’ शब्दाला चिकटून बसतो. ‘मीही गावात’ आणि ‘गावातही मी’ यांत किती अंतर आहे बघा! एक अक्षर इकडून तिकडे गेलं की बोलणारा बदलतो, काळ बदलतो आणि आठवणीची जागा धमकी घेते.

इथवर निबंध म्हणजे व्याकरणाचा तास. कमी ताकदीचा अभ्यासक इथे थांबला असता: ‘सगळे चुकले, मी बरोबर.’ पानोफ्स्की थांबत नाही, आणि म्हणून हा निबंध मी संशोधनाला लागणाऱ्या प्रत्येकाला वाचायला सांगतो. तो लूव्रच्या चित्राकडे पाहतो आणि कबूल करतो की इथे बरोबर व्याकरण चित्राला बसत नाही. कवटी नाही, धक्का नाही. ही माणसं घाबरलेली नाहीत, विचारात पडली आहेत. इथे थडग्यातला माणूसच बोलतो असं वाटतं: ‘मीही इथेच जगलो.’ म्हणजे पूसँने अक्षरं तीच ठेवली, पण चित्र असं काढलं की पाहणाऱ्याने भाषांतर चुकवावंच. चूक व्याकरणाची खरी, पण चित्राला ती न्याय देते. मृत्यूच्या इशाऱ्यातून हरवलेल्या काळाची हुरहूर कशी आली, हा इतिहास या एका चुकीत दिसतो.

मला इथे आवडतो तो त्याचा संयम. चूक सापडली की ती खोडावीशी वाटते. तो ती पुरावा म्हणून वापरतो.

पानोफ्स्की काय विचारत नाही

आता टीका. एवढा बारकाईने वाचणारा माणूस एक प्रश्न कुठेच विचारत नाही: ही जमीन कुणाची? ज्या कुरणात हे थडगं आहे त्याचा मालक कोण, आणि तिथे आधी कोण राहत होतं? त्याच्या निबंधात मृत्यू हा एकच पाहुणा आर्केडियाचं सुख भंग करतो. सावकार, जमीनदार, सैनिक यांची तिथे सावलीही पडत नाही.

हा प्रश्न रेमंड विल्यम्सने १९७३ मधल्या ‘द कंट्री अँड द सिटी’ या पुस्तकात विचारला. तो व्हर्जिलच्या पहिल्याच कवितेकडे बोट दाखवतो. तिथे मेलिबियस हा मेंढपाळ शेळ्या हाकत गाव सोडून चालला आहे, कारण त्याची जमीन सैनिकाला दिली गेली आहे. हे काल्पनिक नाही. फिलिपीच्या लढाईनंतर, इ.स.पूर्व ४२ नंतर, इटलीतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी काढून निवृत्त सैनिकांना वाटल्या गेल्या. शेजारी टिटिरस मात्र झाडाखाली निवांत बासरी वाजवतो, कारण त्याची जमीन वाचली आहे. एकच सावली, पण एक जण तिच्यात बसलाय आणि दुसऱ्याला ती सोडून जावं लागतंय. विल्यम्सचं म्हणणं असं की व्हर्जिलमध्ये हा ताण शाबूत आहे, पुढच्या शतकांनी तो हळूहळू काढून टाकला आणि नुसती सावली ठेवली. तो आणखी एक गोष्ट नोंदवतो. सिडनीची ‘आर्केडिया’ ज्या उद्यानात लिहिली गेली, ते एक अख्खं गाव कुंपणात घेऊन आणि कुळांना हाकलून बनवलेलं होतं.

हे वाचून मी पेटलोच. लगेच नवं वाक्य लिहिलं: ‘प्रत्येक आर्केडियाच्या पायाशी एक विस्थापन आहे.’ पुरावेही गोळा केले. मेलिबियस, सिडनीचं उद्यान, आणि तिसरा तर फारच देखणा: १५२४ मध्ये वेराझानो या दर्यावर्दीने उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका भागाला तिथली झाडं पाहून आर्केडिया नाव दिलं. नकाशांवर ते नाव उत्तरेकडे सरकत गेलं आणि ‘अकाडिया’ झालं, म्हणजे आजच्या कॅनडाचा नोव्हा स्कोशियाकडचा भाग. तिथल्या फ्रेंचभाषक अकाडियन लोकांना ब्रिटिशांनी १७५५ पासून हजारोंनी हद्दपार केलं. त्यांच्यातले काही पुढे लुइझियानात पोचले. ‘केजन’ हा शब्द ‘अकाडियन’चंच झिजलेलं रूप.

मॅडमनी हे प्रकरण वाचलं आणि या वेळी समोर बसवून विचारलं, “पहिल्या कवितेत आर्केडिया शब्द आहे का?”

नाही. पहिल्या कवितेत तो शब्द नाही.

“आणि अकाडियात लोकांना हाकललं ते नावामुळे का?”

तेही नाही. तो साम्राज्यांचा झगडा होता. नाव आर्केडियाऐवजी दुसरं काही असतं तरी ते हाकलले गेलेच असते.

“मग हा योगायोग आहे. योगायोग लिहायला हरकत नाही, पण त्याला नियम म्हणू नकोस.”

पहिल्या चुकीत मी कोड्याचं उत्तर व्हर्जिलवर लादलं होतं. दुसऱ्या चुकीत मी विल्यम्सचं उत्तर जगावर लादलं. दुसरी चूक जास्त हुशार दिसते, पण जात तीच. दोन्ही वेळा उत्तर आधी ठरलेलं होतं आणि मी चौकोन भरत होतो. फक्त पहिल्यांदा चौकोन सात होते, दुसऱ्यांदा चाळीस पानं.

मग सिद्ध काय होतं? माझ्या मते एवढंच, आणि तेही कमी नाही: गोपकाव्याच्या परंपरेत सुखाचं चित्र आणि ते गमावल्याची जाणीव सुरुवातीपासून एकत्र आहेत. पॉलिबियसमध्ये थंडी आणि गाणं, व्हर्जिलमध्ये सावली आणि बेदखल, ग्वेर्चिनोमध्ये कुरण आणि कवटी. प्रत्येक काळाने यातला दुसरा भाग आपल्या सोयीने पुसला आणि कुणीतरी तो पुन्हा आणून ठेवला. एव्हलिन वॉच्या १९४५ मधल्या ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’मध्ये ऑक्सफर्डच्या एका विद्यार्थ्याच्या खोलीत कवटी आहे आणि तिच्या कपाळावर हेच लॅटिन वाक्य आहे. पूसँने काढलेली कवटी वॉने परत ठेवली म्हणा ना!

पानोफ्स्की आणि विल्यम्स एकमेकांचे शत्रू नाहीत. पानोफ्स्की नसेल तर वाक्य चुकीचं वाचलं जातं. विल्यम्स नसेल तर वाक्य बरोबर वाचूनही ते कुठल्या जमिनीवर उभं आहे ते दिसत नाही. तुमच्या प्रबंधात ‘सैद्धांतिक चौकट’ नावाचं प्रकरण असेल, तिथे आपण एक विद्वान निवडतो आणि त्याच्या चष्म्यातून सगळं बघतो. दोन चष्मे घालून बघा. दोन्हींतून जे दिसतं आणि एकातूनच जे दिसतं, त्याची यादी केली की तुमचं स्वतःचं म्हणणं सापडायला लागतं.

संशोधकांसाठी एक नाटक

टॉम स्टॉपर्डचं ‘आर्केडिया’ हे १९९३ चं नाटक मिळालं तर जरूर वाचा. इंग्लंडमधल्या एकाच वाड्यात दोन काळ चालतात, १८०९च्या सुमाराचा आणि आजचा. जुन्या काळातली मालकीणबाई ते लॅटिन वाक्य सवयीच्या चुकीने वाचते, ‘मी इथे आर्केडियात आहे’ असं. शिक्षकाला खरा अर्थ माहीत आहे. त्याची बुद्धिमान विद्यार्थिनी पुढे सतरा वर्षं पूर्ण होण्याआधीच आगीत मरते, आणि त्या वाक्याचा खरा अर्थ नाटकभर आपल्या मागे उभा होता हे आपल्याला उशिरा कळतं.

आजच्या काळात तिथे एक प्राध्यापक येतो, बर्नार्ड. त्याला तीन-चार चिठ्ठ्या सापडतात आणि तो जाहीर करून टाकतो की बायरनने द्वंद्वयुद्धात एका कवीला मारलं. वर्तमानपत्रात बातमी होते. मग हॅना ही दुसरी अभ्यासक एका फुलाच्या नोंदीवरून दाखवते की तो कवी दूर मार्टिनिकमध्ये माकड चावून मेला. बर्नार्डचं जे होतं ते आपल्यापैकी कुणाचंही होऊ शकतं. त्याच्याकडे पुरावे नव्हते असं नाही. त्याच्या कोड्यात ‘बायरन’ आधीच भरलेला होता.

आता गोकुळ

शेवटी घराजवळ येऊ. मराठीत ‘घर कसं गोकुळासारखं भरलंय’ असं आपण म्हणतो. अर्थ ठरलेला: नांदतं, मुलाबाळांचं, दूधदुभत्याचं घर. हा अर्थ खोटा नाही, लोकांनी तो पिढ्यान् पिढ्या जपला आहे. पण कथेतलं गोकुळ आठवून पाहा. तिथे पूतना येते, शकट उलथतो, संकटं एकामागून एक येतात. आणि एक दिवस नंदासकट सगळे गवळी गाड्या जोडून ती वस्ती सोडतात आणि वृंदावनाला जातात. हरिवंशात त्याला कारण होतं लांडग्यांचा उपद्रव. पुढे कृष्णही मथुरेला जातो तो परत राहायला येत नाही. आपल्या बोलण्यातल्या गोकुळात हे सोडून जाणं कुठे आहे?

थांबा, लगेच सिनॉप्सिस लिहायला बसू नका. ‘आर्केडिया आणि गोकुळ: तौलनिक अभ्यास’ हा विषय मलाही सुचला होता. लायकाऑनचा लांडगा आणि हरिवंशातले लांडगे पाहून तर अंगावर काटा आला होता. पण मॅडमचा प्रश्न आता मीच मला विचारतो: ओळ दाखव. गोकुळ हा शब्द सुखी घर या अर्थाने मराठीत लेखी कधीपासून सापडतो? कोणत्या ग्रंथात, कोणाच्या तोंडी, कोणत्या कालखंडात? संतांच्या गौळणींमधलं गोकुळ आणि आजच्या लग्नपत्रिकेतलं गोकुळ एकच का? हे तपासायला जुने कोश, गाथा, बखरी, नियतकालिकं हातात घ्यावी लागतील. तुलना त्यानंतर. कुणी हे काम हाती घेतलं तर मला वाचायला नक्की आवडेल.

माझं ते पहिलं वाक्य प्रबंधातून गेलं. त्या जागी आता दीड पान आहे, आणि त्यातल्या प्रत्येक विधानाखाली कवितेचा क्रमांक आहे. आधीच्या वाक्याइतकं ते देखणं नाही. मॅडमनी त्यावर काही लिहिलं नाही, फक्त पुढच्या पानावरच्या एका शब्दाला गोल केला आहे. शब्द आहे ‘निसर्ग’. म्हणजे पुढचे तीन महिने कशात जाणार ते कळलं.

तुमच्या मसुद्यातला असा शब्द कोणता, ते आज रात्री एकदा शोधून बघा. तुम्हाला सर्वांत खात्रीचा वाटणारा शब्दच बहुतेक तो असेल.